हलकं धनुष्य

प्रवासाच्या बॅगा तोलायचा एक छोटा काटा मिळतो. वर मूठ, खाली हूक, मधे आकडे दाखवणारी पट्टी. विमानतळावर जास्तीचे पैसे भरायला लागू नयेत म्हणून लोक तो घरात ठेवतात. माझ्याकडच्या काट्याने आजवर एकही बॅग तोललेली नाही. मी तो धनुष्याच्या दोरीला अडकवतो. धनुष्य पायांखाली घट्ट धरायचं, हुकात दोरी घ्यायची, २८ इंचांपर्यंत ओढायची आणि आकडा वाचायचा. माझ्या जुन्या धनुष्याचा आकडा २३.६ किलो येतो. तिरंदाज मंडळी अजून पाउंडातच बोलतात, त्यांच्या भाषेत ५२ पाउंड. नव्या धनुष्याचा आकडा ७.३ किलो, म्हणजे १६ पाउंड. हे नवं धनुष्य ज्या दुकानातून मागवलं, तिथे ते 'मुलांसाठी' या सदरात होतं. माझं वय २८.

या दोन आकड्यांच्या मधे एक शस्त्रक्रिया आहे. दोष कुणाचाही नाही, माझाच. आमच्या मैदानावर एकाने ७० पाउंडांचं धनुष्य आणलं होतं. 'बघू तरी' म्हणून अंग गरम न करता मी ते ओढलं. पूर्ण ओढलं, आजूबाजूच्यांनी 'वा' म्हटलं, आणि उजव्या खांद्यात आत कुठेतरी ड्रॉवर सरकल्यासारखं झालं. तेव्हाच थांबलो असतो तर कदाचित वाचलो असतो. त्यानंतर तीन आठवडे मी गोळ्या घेऊन रोज बाण मारत राहिलो. मग एमआरआय, मग दुर्बिणीचं ऑपरेशन, मग चार आठवडे हात गळ्यात.

मी करतो ती तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये दिसते तशी नाही. धनुष्यावर नेम धरायचं उपकरण नाही, पुढे आलेले दांडे नाहीत. तुर्क, मोगल, मंगोल वापरत तशा आकाराचं आखूड, दोन्ही टोकांना उलट वळलेलं धनुष्य. दोरी बोटांनी न ओढता अंगठ्यात कडी घालून अंगठ्याने ओढायची. मूळची धनुष्यं लाकूड, शिंग, जनावरांच्या कंडरा आणि सरस यांची असत, आमची फायबरग्लासची असतात. एवढा फरक सोडला तर आपण जुनी गोष्ट करतोय असं मानायला जागा आहे. आणि जुनी गोष्ट करणाऱ्यांमध्ये एक जुनाच रोग आहे: तुझं किती पाउंडांचं?

हात गळ्यात असताना कीबोर्डवर एका हाताने कोड लिहिण्यापेक्षा वाचणं सोपं होतं. वाचायला घेतलं ते खरं तर स्वतःच्या समाधानासाठी. पूर्वीचे लोक किती जड धनुष्यं ओढत ते वाचावं आणि आपणही एक दिवस तिथे परत जाऊ असं स्वतःला सांगावं, असा बेत होता.

त्याआधी खांद्याबद्दल थोडं. खुब्याचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो, म्हणून तो सहसा निखळत नाही. खांद्याची खोबण मात्र बशीसारखी उथळ असते. बशीत लिंबू ठेवावं तसं दंडाच्या हाडाचं डोकं त्यात टेकलेलं. बशीला कूर्चेची एक कड असते (माझी फाटली ती हीच) आणि भोवती चार लहान स्नायू ते लिंबू जागेवर धरून ठेवतात. हात सगळ्या दिशांना फिरावा म्हणून शरीराने केलेली ही तडजोड आहे. धनुष्य नीट ओढलं तर भार पाठीच्या मोठ्या स्नायूंवर जातो. खांद्याचं पातं मणक्याकडे सरकतं आणि हात त्याच्यामागून येतो. धनुष्य झेपत नसेल तर खांदा कानाकडे चढतो आणि सगळा भार त्या चार लहान स्नायूंवर आणि बशीच्या कडेवर येतो. मी दिवसाला १०० बाण मारत असे. २३.६ गुणिले १००, म्हणजे दिवसाला सव्वादोन टनांहून जास्त. माझ्याकडे प्रत्येक दिवसाच्या गुणांची एक्सेल शीट होती. हा रकाना तिच्यात नव्हता.

जड धनुष्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा समुद्राच्या तळाशी सापडला. आठव्या हेन्रीचं 'मेरी रोज' हे जहाज १९ जुलै १५४५ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, पोर्ट्समथसमोर बुडालं आणि १९८२ च्या ऑक्टोबरात त्याचा सांगाडा वर काढला गेला. गाळात हवा पोचली नसल्यामुळे लाकूड टिकलं होतं. १७२ लांब धनुष्यं आणि साडेतीन हजारांवर बाण मिळाले. तोपर्यंत मध्ययुगीन इंग्रजी धनुष्याच्या ताकदीबद्दल सगळे अंदाजच होते. धनुष्यांची मापं घेऊन, प्रतिकृती बनवून हिशेब केला तेव्हा आकडे साधारण १०० ते १८५ पाउंड निघाले. म्हणजे ४५ ते ८४ किलो. माझ्या जुन्या धनुष्याच्या दुपटीपासून साडेतीन पटींपर्यंत.

धनुष्यांबरोबर माणसंही सापडली. ॲन स्टर्लंड या अस्थितज्ज्ञ बाईंनी त्या मिसळलेल्या हाडांतून सांगाडे जुळवले. त्यांना एक गोष्ट खटकली. खांद्याच्या पात्याचं वरचं टोक जन्मतः मूळ हाडाला पूर्ण जोडलेलं नसतं. ते तरुणपणी, विशीच्या आसपास सांधलं जातं. या जहाजावरच्या पुरुषांमध्ये ते न सांधलेल्यांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा बरंच जास्त होतं. स्टर्लंडबाईंचा तर्क असा की ही माणसं लहानपणापासून जड धनुष्य ओढत आली असणार. हाड जुळायच्या वयातच तिथल्या स्नायूंनी ते सतत खेचत ठेवलं, म्हणून ते कधी जुळलंच नाही. हा तर्कच आहे, कारण कुठला सांगाडा तिरंदाजाचा आणि कुठला खलाशाचा हे हाडांवर लिहिलेलं नसतं. पण मी तो परिच्छेद वाचला तेव्हा माझा हात गळ्यात होता, आणि मला पहिल्यांदा त्या ८४ किलोंच्या दुसऱ्या टोकाला असलेला माणूस दिसला.

तो माणूस तयार कसा होत होता, हे मग शोधायला लागलो. इंग्लंडात कायदाच होता. आठव्या हेन्रीच्या काळात सात ते सतरा वर्षांच्या मुलाला धनुष्य आणि दोन बाण घेऊन देणं बापाचं कर्तव्य होतं, आणि १५४१ च्या कायद्याप्रमाणे चोवीस वर्षांवरच्या पुरुषाने २२० यार्डांपेक्षा जवळच्या खुणेवर नेम धरायचा नाही. दोन्ही आकडे एकत्र वाचले की मधली सतरा वर्षं दिसतात. सात वर्षांच्या पोराच्या हातात १८५ पाउंडांचं धनुष्य कोणी दिलं नसणार.

ह्यू लॅटिमर नावाचा धर्मोपदेशक होता. १५४९ मध्ये बालराजा सहाव्या एडवर्डसमोर प्रवचन देताना तो मधेच आपल्या बापाची आठवण काढतो. बाप लेस्टरशरमधला शेतकरी. त्याने पोराला धनुष्य कसं धरायचं, अंग धनुष्यात कसं घालायचं ते शिकवलं. इतर देशांचे लोक दंडाच्या जोरावर ओढतात, आपण सबंध शरीराने ओढायचं, असं शिकवलं. आणि वय आणि ताकद बघून धनुष्यं विकत आणून दिली. पोरगा जसजसा वाढेल तसतसं धनुष्य मोठं. सहा वर्षांनी लॅटिमरला ऑक्सफर्डमध्ये जिवंत जाळलं, त्यामुळे तो इतिहासात दुसऱ्याच कारणासाठी राहिला. माझ्यासाठी त्या प्रवचनातली महत्त्वाची वस्तू म्हणजे ती बापाने आणलेली लहान धनुष्यं. त्यातलं एकही कुठल्या संग्रहालयात असल्याचं मी वाचलेलं नाही. राहिली ती जड धनुष्यं, कारण ती युद्धाच्या जहाजावर होती आणि जहाज बुडालं.

गोष्टींचंही तसंच. जनकाच्या घरचं शिवधनुष्य, द्रौपदीच्या स्वयंवरातलं धनुष्य, ग्रीकांकडे ओडिसियसचं धनुष्य: दुसऱ्या कुणाला न पेलणारं धनुष्य नायक पेलतो, एवढ्यावर कथा उभी राहते. कुणी पहिल्या दिवशी कितीचं धनुष्य उचललं हे सांगायला कुठलाही कवी थांबत नाही. अपवाद म्हणायचा तर एकलव्याचा, तोही उलट अंगाने. अंगठा दिल्यानंतर तो बोटांनी बाण मारायला लागला, पण पूर्वीसारखा वेग राहिला नाही, असं आदिपर्वात आहे. अंगठा मागितल्याची हकिगत आपल्याला पाठ असते. पुढचं वाक्य, दुखावलेल्या हाताने पुन्हा धनुष्य उचलल्याचं, कुणाच्या लक्षात नसतं. मलाही ते या वर्षीच दिसलं.

धनुष्य तोलायची कल्पना काही माझी नाही. हिंदीच्या जुन्या शब्दकोशांत 'टाँक' या शब्दाचा एक अर्थ धनुष्याची ताकद मोजायचं वजन असा दिलेला आहे, पंचवीस शेरांचं. दोरीला वजनं बांधून धनुष्य लटकवायचं. जितक्या वजनांनी दोरी पूर्ण ताणली जाईल तितक्या टाँकांचं ते धनुष्य. माझा बॅगांचा काटा हेच करतो, फक्त बॅटरीवर.

चीनमध्ये तर परीक्षाच असे. चिंग राजवटीच्या लष्करी परीक्षेत ताकदीची वेगळी धनुष्यं होती, ८, १०, आणि १२ अशा श्रेणींची; यातलं सगळ्यात जड आजच्या हिशेबाने सत्तर किलोंच्या पुढे जातं. उमेदवाराने ती फक्त पूर्ण ओढून दाखवायची. बाण त्यावर लावायचाच नाही. नेमबाजीची परीक्षा वेगळी, तिचं धनुष्य वेगळं आणि बरंच हलकं. ही परीक्षा १९०१ मध्ये बंद झाली, तोवर बंदुकांनी सगळं जग बदललं होतं. मला यातली शहाणपणाची गोष्ट ही वाटते की त्यांनी ओढण्याचं धनुष्य आणि मारण्याचं धनुष्य यांची गल्लत केली नाही. मैदानावर आम्ही ती रोज करतो.

आपल्याकडेही हे लिहून ठेवलेलं आहे. शार्ङ्गधराने १३६३ मध्ये संस्कृत सुभाषितांचा एक प्रचंड संग्रह केला, शार्ङ्गधरपद्धती. त्यात घोड्यांपासून झाडांपर्यंत सगळं आहे आणि धनुर्वेदाचाही भाग आहे. धनुष्य निवडण्याबद्दल त्याचं सांगणं असं, की धनुर्धराचं बळ धनुष्याच्या बळापेक्षा जास्त हवं. ज्याला धनुष्यच छळतंय त्याला लक्ष्य दिसत नाही. म्हणून आपापल्या ताकदीच्या मापाचं धनुष्य चांगलं. हे मी वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. कारण ५२ पाउंड ओढून धरल्यावर मला खरोखरच लक्ष्य दिसत नसे. बाण सुटेपर्यंतचा सगळा वेळ हात थरथरतोय हे लपवण्यात जाई. गुणांच्या शीटमध्ये तेही होतं, मी ते 'वारा' या नावाखाली टाकत होतो.

चौथ्या महिन्यात फिजिओथेरपिस्ट मॅडमनी रबराचा पट्टा दिला. एक टोक डाव्या मुठीत, दुसरं उजव्या, आणि खांदे खाली ठेवून पट्टा छातीसमोर ताणायचा. वीसदा. मग डोक्यावर. मग तिरका. मी दिवाणखान्यात हे करत असताना बाबा पेपर वाचत होते. ते सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शिकले. पेपर खाली करून म्हणाले, "अरे, ही तर लेझीम झाली. फक्त आवाज नाही."

मी हसलो. मग रात्री शोधलं, आणि हसू थांबलं.

लेझीम हा फारसी शब्द आहे. फारसीत 'लेज़म' म्हणजे मऊ, सहज वाकणारं, सरावाचं धनुष्य. आणि दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेलं व्यायामाचं धनुष्य. आपल्या मराठी विश्वकोशातही लेझमीचं मूळ असंच दिलं आहे. म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत हलगीवर जी घुमते, शाळेच्या स्नेहसंमेलनात जी मीही 'एक-दोन-तीन-चार'वर हलवलेली आहे, ती वस्तू मुळात नवशिक्या तिरंदाजाचं धनुष्य आहे. लेझीम एकदा नीट बघा. लाकडाचा दांडा म्हणजे धनुष्याचं अंग. टोकापासून टोकापर्यंत गेलेली साखळी म्हणजे प्रत्यंचा. साखळीच्या मधली मूठ, जिथे बाण लागायचा तिथे. डाव्या हाताने दांडा धरून उजव्याने साखळी ओढायची आणि परत मिटवायची, ही लेझमीची मूळ हालचाल म्हणजे धनुष्य ओढणंच. आता दांडा वाकत नाही, एवढंच.

साखळी का? याचं उत्तर मी इंजिनिअर म्हणून देतो. दोरी ओढून बाण न लावता सोडली तर धनुष्य तुटू शकतं, कारण बाणात जायची ऊर्जा धनुष्याच्याच अंगात परत जाते. म्हणून रिकामं धनुष्य सोडायचं नसतं, हा तिरंदाजीतला पहिला नियम. साखळीच्या धनुष्यात ती भीती नाही. त्यात साठवलेली ऊर्जा नसते, नुसतं वजन असतं. ते डोक्यावर न्या, पाठीमागे न्या, कमरेपाशी आणा. वजन तेवढंच राहतं आणि खांदा प्रत्येक कोनात काम करतो. शिवाय चकत्यांच्या आवाजाने लय कळते. एक बाजू मागे पडली की लगेच ऐकू येतं. मॅडम मला आरशासमोर उभं करत होत्या ते याचसाठी.

फारसीत सरावाच्या धनुष्याला आणखी एक नाव आहे, 'कबादा'. या शब्दाचा प्रवास लेझमीइतकाच वळणाचा आहे. इराणमध्ये तो 'कब्बादे' झाला. तिथल्या जोरखान्यांत, म्हणजे आपल्या तालमींसारख्या आखाड्यांत, दोन्ही हातांनी डोक्यावर धरून डावी-उजवीकडे झुलवायचं लोखंडी धनुष्य असतं, साखळी आणि चकत्यांसकट. त्याचं वजन दहा किलोंच्या पुढे जातं. जे मुळात हलकं होतं तेच तिथे जड झालं. पैलवानांच्या हाती काहीही दिलं तरी ते असंच होणार.

आणि तुर्कस्तानात तो 'केपाझे' झाला. उस्मानी तिरंदाजांची शिकवण फार शिस्तीची होती. १४५३ मध्ये इस्तंबूल जिंकल्यावर दुसऱ्या मेहमेदने शहराबाहेर तिरंदाजांसाठी मैदान राखून ठेवलं, ओकमेयदानी, बाणांचं मैदान. तिथे तिरंदाजांचा मठ होता, गुरू होते, लांब पल्ल्याचे विक्रम कोरलेले दगड होते, काही अजून उभे आहेत. तोझकोपरान इस्कंदर याचा विक्रम १२८१.५ गेझ, म्हणजे जवळजवळ ८४५ मीटर. मान्यताप्राप्त तिरंदाज व्हायचं तर ९०० गेझांवर, सुमारे ५९० मीटरवर बाण टाकून दाखवायचा. मग समारंभात गुरू धनुष्याची मूठ हाती देई आणि कानात गुपित सांगे. पण या वाटेची पहिली पायरी केपाझे होती. अतिशय मऊ धनुष्य, त्यावर बाण नाही. नुसतं ओढायचं आणि हळूच परत न्यायचं, पुन्हा पुन्हा. ते अंगात मुरलं की थोडं जड. मग आणखी थोडं. मग जवळून, भरलेल्या पोत्यावर बाण. लांबचं मैदान फार नंतर. १८३६ मध्ये, दुसऱ्या महमूद सुलतानाच्या आज्ञेवरून मुस्तफा कानीने हे सगळं शास्त्र ग्रंथात उतरवलं. तोवर धनुष्याला लढाईत काही किंमत उरलेली नव्हती, आणि बहुधा म्हणूनच लिहून काढायची निकड वाटली असावी.

आज तुर्की भाषेत 'केपाझे' म्हणजे लाजिरवाणा, हास्यास्पद, बेइज्जत झालेला माणूस. शिवीच म्हणा. सरावाचं मऊ धनुष्य, ज्याच्याशी कुणीही खेळावं, ज्याला मान नाही, असा अर्थ घसरत घसरत तिथे पोचला. ज्या वस्तूवाचून त्यांचा एकही तिरंदाज तयार झाला नसता, तिचं नाव त्यांनी अपमानासाठी ठेवून घेतलं. हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. 'मुलांसाठी' सदरातलं धनुष्य मागवताना जे वाटलं होतं त्याला एका आख्ख्या भाषेत शब्द होता.

आपल्याकडे मात्र त्याच वस्तूला अपमान चिकटला नाही. तालमींतून ती गावच्या जत्रेत गेली, पालखीपुढे गेली, मग विसाव्या शतकात शाळेच्या मैदानावर. यामागे व्यायामप्रचारकांची एक पिढी आहे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रा. माणिकराव हे त्यातलं मोठं नाव; आखाड्यातला एकेकट्याचा व्यायाम त्यांनी रांगांत, आज्ञांवर, शेकडो मुलांकडून करवून घेतला. निखळलेले सांधे बसवणारे म्हणूनही त्यांची ख्याती होती, हा योगायोग मला आवडतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे देशी व्यायाम दाखवले. १९८२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एशियाडमध्ये सांगली जिल्ह्यातल्या शेकडो जणांनी लेझीम केली. मेरी रोज पाण्यावर येऊन तेव्हा महिना-दीड महिनाच झाला होता. एकीकडे जड धनुष्यं गाळातून उचलून काचेआड ठेवायची तयारी चालली होती, दुसरीकडे हलकं धनुष्य टीव्हीवर नाचत होतं. कुणी त्याला धनुष्य म्हणत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

जपानी क्युदो शिकणारे आजही पहिले काही आठवडे एका काठीला रबर बांधलेलं साधन ओढतात. मॅडमचा पट्टा आणि ते, यात मला फरक दिसला नाही.

दुखापतीनंतर धनुष्याकडे, हा प्रवास उलट दिशेनेही झालेला आहे. लुडविग गुटमान हे नाझी जर्मनीतून इंग्लंडला आलेले मेंदूविकारतज्ज्ञ. स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात ते युद्धात पाठीचा कणा जायबंदी झालेल्या सैनिकांवर उपचार करत. तोवर अशा रुग्णांना पडून राहण्याशिवाय काही सांगितलं जात नसे. गुटमान यांनी त्यांना खेळायला लावलं. २९ जुलै १९४८, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जणांची स्पर्धा झाली, चौदा पुरुष आणि दोन स्त्रिया, सगळे चाकाच्या खुर्चीत. खेळ एकच: तिरंदाजी. पुढे यातूनच पॅरालिंपिक उभं राहिलं. तिरंदाजीच का, याचं एक कारण खांद्याकडेच जातं. ज्याचे पाय गेले त्याचे खांदे म्हणजेच पाय; खुर्ची ढकलायची, स्वतःला पलंगावरून उचलायचं, सगळं त्यांच्यावर. धनुष्य ओढून पाठ आणि खांदे मजबूत होतात, बसून तोल सांभाळता येतो. आणि निरोगी माणसाच्या शेजारी बसून त्याच लक्ष्यावर बाण मारता येतो. त्या हिरवळीवर कुणी कुणाला पाउंड विचारले असतील का, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरेच दिवस होता.

सहाव्या महिन्यात परवानगी मिळाली. मैदानावर पहिल्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो, कुणी नसताना. पाच मीटरवर गवताचा गठ्ठा, १६ पाउंड, वीस बाण. बाण संथ जातो, अगदी डोळ्यांना दिसावा इतका, आणि गठ्ठ्यात बोटभर रुततो. अकराव्या बाणापर्यंत एक मुलगी येऊन बघत उभी राहिली होती, बारा-तेरा वर्षांची. तिने विचारलं, "दादा, तुमचं पण सोळाचंच?" मी हो म्हटलं. तिने तिचं दाखवलं. वीसचं होतं.

त्या दिवशी बाराव्या बाणाला मला लक्ष्य दिसलं. म्हणजे कपड्यावरचा पिवळा ठिपका दिसला, त्याची कड दिसली, आणि ती कड दिसत असतानाच अंगठा सुटला. हे ५२ वर तीन वर्षांत एकदाही झालं नव्हतं. शीटमध्ये 'वारा' हा रकाना मी नंतर काढून टाकला.

मॅडमना मी विचारलं होतं, पुन्हा पन्नासला जाता येईल का. त्या म्हणाल्या, जाता येईल, वर्ष-दीड वर्षात, दर दोन-तीन महिन्यांनी चार-चार पाउंड वाढवत, दुखलं की मागे येत. मग शीटमध्ये त्या पायऱ्यांचा रकाना केला. सध्या २४ वर आहे. तिथेच थांबायचं की पुढे जायचं, हे ठरलेलं नाही. जुनं ५२ विकलेलं नाही. कपाटात आहे, दोरी उतरवून.

गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा बाबांनी माळ्यावरून जुनी लेझीम काढली. दांड्याचा रंग गेलाय, चार चकत्या गळल्यात, साखळी गंजली होती ती रॉकेलमध्ये बुडवून ठेवली. काटा बरोबर होताच. लेझीम हुकाला टांगली, आकडा आला ९४० ग्रॅम. बाबांना तो फारच कमी वाटला. "शाळेत असताना जड होती," म्हणाले, आणि अंगणात जाऊन उभे राहिले, पाय जुळवून, लेझीम डाव्या बाजूला मिटवून. मी म्हटलं, "बाबा, खांदे खाली." ते म्हणाले, "तू मोज."